नव्या आरोहकाची प्रगती आणि तुलनेचे माप

प्रस्तरारोहण म्हणजे हातापायांच्या पकडीने उभा कातळ किंवा त्याच्या धर्तीवर उभारलेली कृत्रिम भिंत चढण्याचा खेळ. तो शिकू लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या काही महिन्यांतच आपली प्रगती ओळखावी कशी हा प्रश्न पडतो, आणि बहुतेकजण त्याचे उत्तर शेजारच्या दोरावर चढणाऱ्या माणसाकडे पाहून शोधतात. या खेळाची रचनाच तशी आहे. एकच मार्ग अनेकजण एकामागून एक चढतात, प्रत्येकाची चाल खाली उभ्या असलेल्या सर्वांना दिसते, कोणाचा हात कोठे सुटला हे लपत नाही, आणि प्रत्येक मार्गाला काठिण्याची श्रेणी जोडलेली असल्यामुळे आपण कोणाच्या पुढे व कोणाच्या मागे आहोत हे क्षणात ठरवता येते, निदान तसे वाटते तरी. तुलना अशी अटळ असल्यामुळे ती कोणाशी करावी, कोणत्या अटी पाळून करावी आणि तिच्यातून निघालेल्या निष्कर्षावर किती विसंबावे, हे समजून घेणे नव्या आरोहकाला दोराची गाठ शिकण्याइतकेच आवश्यक आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेला ‘सामाजिक तुलनेचा सिद्धान्त’ या बाबतीत उपयोगी पडतो. आपली क्षमता किती आहे हे जाणून घेण्याची ओढ माणसाला स्वभावतःच असते, आणि ती मोजण्याचे वस्तुनिष्ठ साधन हाताशी नसेल तेव्हा तो इतरांशी तुलना करून स्वतःचे मोल ठरवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी याला एक महत्त्वाची पुस्तीही जोडली: दुसऱ्याची क्षमता आपल्यापेक्षा जितकी दूरची, तितकी त्याच्याशी तुलना करण्याची प्रवृत्ती कमी होते, म्हणजे उपयोगी तुलना आपल्यासारख्यांशीच होते. नव्या आरोहकाची अडचण नेमकी येथेच सुरू होते, कारण भिंतीवर भेटणाऱ्या माणसांपैकी आपल्यासारखे कोण, हे ओळखण्याची दृष्टी त्याला अजून आलेली नसते. सहा महिन्यांपूर्वी आलेला, सहा वर्षे सराव केलेला आणि लहानपणी जिम्नॅस्टिक्स शिकलेला असे तिघे त्याच्या डोळ्यांना एकाच रांगेत उभे दिसतात.

हिंगण्यासारख्या ठिकाणाहून पाहिले म्हणजे ही अडचण अधिक स्पष्ट होते. नागपूर शहराच्या नैर्ऋत्येला असलेला हा तालुका औद्योगिक वसाहतीसाठी आणि वानाडोंगरी, डिगडोह या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी ओळखला जातो, आणि येथील विद्यार्थी किंवा तरुण कामगार या खेळाकडे वळला, तर त्याच्या आसपासची भूमी त्याला फारशी मदत करत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून थरावर थर साचून तयार झालेला दख्खनचा बेसाल्ट सह्याद्रीत शेकडो मीटर उंचीचे कडे उभे करतो. तोच खडक पूर्वेकडे पातळ होत जातो आणि नागपूरच्या पश्चिम भागात त्याची पूर्व सीमा जवळ येते. त्यामुळे हिंगण्याच्या बाजूला बेसाल्ट आहे, पण तो सपाट माथ्याच्या बुटक्या टेकड्यांच्या रूपात. कोकणकडा, तेलबैल्याच्या जुळ्या भिंती किंवा खंडाळ्याची नागफणी यांच्यासारखे कातळ येथे नाहीत, आणि विदर्भातला उंच कडा पाहायचा तर चिखलदऱ्याच्या दिशेने मोठा प्रवास करावा लागतो.

पुणे, नाशिक किंवा मुंबई परिसरातील नवशिक्याची स्थिती याहून अगदी वेगळी आहे. मुंबईची ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ पासून आणि पुण्याची ‘गिरिप्रेमी’ १९८२ पासून कार्यरत आहे, आणि २०१६ व २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची, म्हणजे दोराविना कमी उंचीच्या पण अतिशय कठीण चढाईची, विश्वचषक स्पर्धाही झाली. तेथील तरुणाला रविवारी सकाळी निघून दुपारपर्यंत खऱ्या कड्यावर हात टेकवता येतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वीस-तीस वर्षे चढलेला एखादा ज्येष्ठ त्याच्या शेजारी उभा असतो. हिंगणा तालुक्यातील शिवमडका येथून सुरू होणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यानंतर इगतपुरीच्या घाटापर्यंतचे अंतर वेळेच्या हिशेबाने कमी झाले आहे, पण दर आठवड्याचा सराव आणि वर्षातून दोन-तीनदा केलेली सहल यांतील फरक कोणताही रस्ता भरून काढत नाही. कोरडवाहू शेतातल्या कापसाचा उतारा ओलिताच्या शेताशी ताडून शेतकऱ्याचे कसब ठरवणे जितके अन्यायाचे, तितकेच संधी न पाहता केवळ श्रेणी पाहून दोन आरोहकांची प्रगती ताडणे अन्यायाचे आहे.

श्रेणी काय सांगते आणि काय सांगत नाही

काठिण्यश्रेणी म्हणजे एखादा मार्ग किती अवघड आहे याविषयी तो चढलेल्या आरोहकांनी मिळून केलेला अंदाज. महाराष्ट्रात किल्ल्यांच्या माहितीपुस्तकांत ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘कठीण’ अशी चढाईची श्रेणी दिलेली असते. प्रस्तरारोहणात याच कल्पनेचे अधिक बारीक रूप वापरले जाते. जगभर प्रचलित असलेल्या फ्रेंच पद्धतीत आकडा, त्यापुढे ए, बी, सी यांपैकी एक अक्षर आणि आवश्यक तेथे अधिक चिन्ह अशी रचना असते, आणि चेक आरोहक अॅडम ओन्ड्रा याने २०१७ मध्ये नॉर्वेतील फ्लाटांगर येथे चढलेला ‘सायलेन्स’ हा मार्ग ९सी या श्रेणीचा जगातील पहिला मार्ग मानला जातो. तापमापीवरचा अंश सर्वत्र सारखा असतो, श्रेणीचे तसे नाही. ती एका गटाच्या सहमतीतून ठरते आणि म्हणून गावोगाव थोडी सैल किंवा कडक असते. बंदिस्त सभागृहातील भिंतीवर रंगीत पकडी बसवणारा माणूस नवशिक्यांचा उत्साह टिकावा म्हणून सोप्या मार्गांना उदार श्रेणी देऊ शकतो, तर जुन्या कड्यावर पहिल्यांदा चढलेल्या कणखर मंडळींनी तीच श्रेणी फार हात राखून दिलेली असू शकते. एका भिंतीवर सहावी श्रेणी चढणारा आरोहक दुसऱ्या भिंतीवर पाचवीत अडखळला, तर त्याचे कसब एका प्रवासात घटले असे समजण्याचे कारण नाही.

चढाईच्या पद्धतीनेही त्याच आकड्याचा अर्थ बदलतो. मार्गाविषयी आधी काहीही माहीत नसताना, पहिल्याच प्रयत्नात, न पडता तो पूर्ण केला तर त्याला ‘ऑनसाइट’ म्हणतात. दुसऱ्याची चढाई पाहून किंवा सूचना ऐकून पहिल्याच प्रयत्नात पूर्ण केला तर ती चढाई ‘फ्लॅश’ ठरते. आणि अनेक दिवस सराव करून, चाली पाठ करून, शेवटी एका सलग चढाईत न पडता तो पार केला तर त्याला ‘रेडपॉइंट’ म्हणतात. हे शेवटचे नाव जर्मन आरोहक कुर्ट आल्बर्ट याने १९७५ मध्ये सुरू केलेल्या प्रथेवरून आले. लोखंडी साधनांना न धरता एखादा मार्ग पूर्ण चढला की त्याच्या पायथ्याशी तो लाल ठिपका रंगवत असे. याशिवाय दोर आधीच वर बांधलेला आहे, की आरोहक स्वतः पुढे जाऊन तो टप्प्याटप्प्याने अडकवत आहे, यावर मनावरचा ताण आणि पडण्याचे अंतर अवलंबून असते. म्हणून मित्राने अमुक श्रेणी चढली हे ऐकताच नव्या आरोहकाने ती कोणत्या पद्धतीने, कितव्या प्रयत्नात आणि कोणत्या दोरावर चढली, हे विचारल्याशिवाय स्वतःला कमी लेखू नये.

ऋतूचाही हिशेब यात धरावा लागतो, आणि विदर्भात तर तो फार मोठा आहे. खडकावरची पकड बोटांची त्वचा व दगड यांच्यातील घर्षणावर टिकते, आणि घामाने ओली झालेली त्वचा ते घर्षण कमी करते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा उन्हाळ्यात तापलेल्या दगडावर केलेल्या चढाईची डिसेंबरमधील स्वतःच्याच चढाईशी तुलना करणे चुकीचे ठरते, मग दमट पण वारा असलेल्या भिंतीवर चढणाऱ्या दुसऱ्या माणसाशी तर दूरच.

क्रमांकाची अस्थिरता

इतरांशी केलेल्या तुलनेची सर्वांत मोठी मर्यादा ऑलिंपिकच्या व्यासपीठावरच दिसून आली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये क्रीडा-आरोहणाचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा प्रत्येक खेळाडूला वेग, बोल्डरिंग आणि ‘लीड’, म्हणजे दोर अडकवत ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त उंची गाठणे, असे तिन्ही प्रकार खेळावे लागले. तिन्हींतील क्रमांकांचा गुणाकार हे त्याचे गुण ठरत आणि ज्याचा गुणाकार सर्वांत लहान तो विजेता होई. पुरुषांच्या अंतिम फेरीत अॅडम ओन्ड्रा वेगात चौथा, बोल्डरिंगमध्ये सहावा आणि लीडमध्ये दुसरा आला. गुणाकार ४८ झाला आणि तो एकूण सहाव्या स्थानावर गेला. लीडमध्ये ऑस्ट्रियाचा याकोब शूबर्ट मार्गाच्या माथ्यापर्यंत जाऊन ओन्ड्राला मागे टाकू शकला नसता, तर ओन्ड्राचा त्या प्रकारातील क्रमांक पहिला झाला असता, गुणाकार २४ वर आला असता आणि २८ गुणांनी सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्पेनच्या अल्बेर्तो हिनेस लोपेसच्या पुढे जाऊन तो स्वतः विजेता ठरला असता. ओन्ड्राची चढाई दोन्ही स्थितींत तीच, त्याने गाठलेली उंची तीच, आणि तरी एका दुसऱ्या माणसाच्या यशामुळे सुवर्ण आणि सहावा क्रमांक एवढे अंतर पडले.

शूबर्टचे यश पूर्ण न्याय्य होते आणि नियम सर्वांना आधीपासून माहीत होते, तेव्हा यात कोणावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. मात्र क्रमांक हे माणसाच्या क्षमतेचे माप नसून त्या दिवशी जमलेल्या सर्वांच्या परस्परसंबंधाचे माप असते, हे या उदाहरणाइतके स्वच्छ क्वचितच दिसते. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेगाचा प्रकार स्वतंत्र करण्यात आला, आणि बोल्डरिंग व लीड यांच्या एकत्रित स्पर्धेत खेळाडूने प्रत्यक्ष भिंतीवर कोठवर मजल मारली यावरून प्रत्येक प्रकारात १०० पैकी गुण देण्याची पद्धत स्वीकारली गेली. म्हणजे जगातील सर्वोत्तम आरोहकांची परीक्षा घेणाऱ्यांनीही क्रमांकांच्या गुणाकाराकडून प्रत्यक्ष चढाईच्या मोजमापाकडे पाऊल टाकले. नवशिक्याने हाच धडा घ्यावा: आपल्या गटात आज आपण चौथे आहोत हे कळल्याने फारसे काही कळत नाही, कारण उद्या गटात दोन निपुण आरोहक आले तर काहीही न गमावता आपण सहावे होऊ.

शरीराचा आणि वेळेचा हिशेब

तुलनेत मागे पडलेला नवशिक्या बहुधा आपल्या शरीराला दोष देतो; उंची कमी, हात आखूड, वजन जास्त, अशी कारणे पुढे येतात. अमेरिकेतील क्रिस्टीन मर्मियर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४ आरोहकांची मोजमापे घेऊन त्यांच्या कामगिरीशी ताडून पाहिली, तेव्हा कामगिरीतील फरकाचा सुमारे ५९ टक्के भाग सरावाने बदलता येणाऱ्या घटकांनी स्पष्ट झाला, तर शरीराच्या ठेवणीचा वाटा एक टक्क्याहूनही कमी निघाला. एका अभ्यासावरून अंतिम निर्णय देता येत नाही, पण आरोहणाचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन या सुमारे ९०० मीटर उंचीच्या कड्यावरचा ‘द नोज’ हा मार्ग केवळ हातापायांच्या बळावर, दोर फक्त सुरक्षेपुरता ठेवून, सर्वप्रथम चढला तो लिन हिल या सुमारे पाच फूट दोन इंच उंचीच्या महिलेने, १९९३ मध्ये. त्याआधी तो तसा चढणे भल्याभल्या पुरुष आरोहकांना साधले नव्हते.

वेळेच्या बाबतीत मात्र शरीराचे काही नियम पाळावेच लागतात. सरावाच्या पहिल्या आठवड्यांत ताकद भराभर वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंचा वापर अधिक चांगला करू लागल्यामुळे. त्यानंतर स्नायू खरोखर बळकट होऊ लागतात, आणि हाडांना स्नायू जोडणारे कंडरे व बोटांमधील कंडरे जागेवर धरणारे पट्टे तर त्यांच्याही मागून, अनेक महिन्यांनी तयार होतात. या मधल्या काळात स्नायूंना जे जमते ते बोटांना सोसत नाही, आणि दोन वर्षे पुढे असलेल्या मित्राची बरोबरी करण्याच्या ओढीने लहान कपारींवर जोर लावणाऱ्या नवशिक्याच्या बोटांतील पट्टा दुखावतो किंवा तुटतो. आरोहकांमध्ये ही दुखापत फार आढळते. वाढत्या वयाच्या मुलांत तर बोटांच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला इजा होऊ शकते. पहिल्या काही महिन्यांच्या झपाट्यानंतर प्रगतीचा वेग मंदावतो हेही प्रत्येक कौशल्याच्या बाबतीत घडते. त्या टप्प्यावर आलेला आरोहक नुकत्याच आलेल्या नवशिक्याची घोडदौड पाहून खचतो, आणि आपणही वर्षापूर्वी तितक्याच वेगाने पुढे गेलो होतो हे विसरतो.

तुलनेला फसवणारी आणखी एक गोष्ट डोळ्यांआड राहते. भिंतीवर दिसणारे लोक हे टिकून राहिलेले लोक असतात. ज्यांना जमले नाही, ज्यांना नोकरीमुळे किंवा दुखापतीमुळे सोडावे लागले, ते तेथे दिसत नाहीत. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत यशस्वी चढाई असते आणि त्याआधीचे असंख्य अपयशी प्रयत्न गाळलेले असतात. अशा निवडलेल्या नमुन्याशी स्वतःचा संपूर्ण, न गाळलेला सराव ताडून पाहणारा माणूस नेहमीच मागे दिसणार.

विदर्भातील एक उदाहरण

तुलनेचे योग्य माप कोणते, हे विदर्भातीलच एका मोहिमेच्या आधाराने सांगता येते. महाराष्ट्र शासनाच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांमध्ये शिकणाऱ्या दहा विद्यार्थ्यांना २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पाठवण्यात आले. त्याआधी या मुलामुलींना गिर्यारोहणाचा अनुभव नव्हता. तेलंगणातील भोनगीरच्या अखंड कातळावर आणि पुढे हिमालयात त्यांचे टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण झाले, आणि मे २०१८ मध्ये त्यांच्यापैकी पाच जण ८,८४८ मीटरहून उंच असलेल्या शिखरावर पोहोचले. या पाच जणांचे यश अपूर्व होते यात शंका नाही. परंतु उरलेल्या पाच जणांची प्रगती माथ्यावर पोहोचलेल्यांशी तुलना करून मोजली तर ते अपयशी ठरतात, आणि एक-दीड वर्षापूर्वी दोराची ओळखही नसलेल्या त्यांच्याच पूर्वस्थितीशी तुलना केली तर त्यांनी कापलेले अंतर जवळजवळ तितकेच मोठे दिसते. अतिउंचीवर शरीर कसा प्रतिसाद देईल, त्या दिवशी हवामान कसे असेल, हे कोणाच्याही हाती नसते. तेथवर पोहोचण्याची तयारी मात्र दहाही जणांनी आपल्या कष्टाने कमावली होती.

गिर्यारोहण शिकवणाऱ्या जुन्या संस्थांनी हा विवेक आपल्या परीक्षापद्धतीत सांभाळला आहे. दार्जिलिंग येथे १९५४ मध्ये स्थापन झालेली हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा उत्तरकाशी येथे १९६५ मध्ये सुरू झालेली नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात प्रशिक्षणार्थीला श्रेणी मिळते आणि पुढच्या अभ्यासक्रमासाठी ‘अ’ श्रेणी आवश्यक असते. ही श्रेणी देताना वर्गात पहिला कोण आला हे पाहिले जात नाही. ठरलेल्या निकषांना कोण उतरला एवढेच पाहिले जाते, आणि एका तुकडीत अनेकांना ‘अ’ मिळू शकते.

स्पर्धेतील क्रमांकाला काहीच अर्थ नाही, असा निष्कर्ष यावरून काढू नये. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, आणि सामान्य कुटुंबातल्या मुलासाठी पदक हे भवितव्य बदलणारे साधन होऊ शकते. पण क्रमांक स्पर्धेच्या दिवशी आणि स्पर्धकांसाठी असतो. शिकण्याच्या काळात रोज त्याच मापाने स्वतःला मोजणाऱ्याचे शिकणे थांबते. मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्स यांनी १९८० च्या दशकात हाच भेद मांडला: काहींना इतरांना मागे टाकण्यात यश वाटते, तर काहींना हाती घेतलेले काम कालच्यापेक्षा चांगले साधण्यात. दुसऱ्या प्रकारचे लोक अपयशानंतरही प्रयत्न चालू ठेवण्याची शक्यता अधिक असते, कारण त्यांच्या यशाची किल्ली दुसऱ्याच्या हातात नसते.

हिंगण्यातील नव्या आरोहकाला आपली प्रगती पारखण्यासाठी यातून काही ठोस मापे मिळतात. एखादा ओळखीचा मार्ग ठरवून दर तीन महिन्यांनी, शक्यतो सारख्या हवामानात, पुन्हा चढावा आणि तो चढताना किती वेळा विसावा घ्यावा लागला, हातांवर किती भार पडला, पाय पहिल्याच प्रयत्नात योग्य जागी टेकला की चाचपडावे लागले, हे एका नोंदवहीत लिहावे. ज्या चाली पूर्वी केवळ ताकदीने जमत होत्या त्या तोल सांभाळून, कमी श्रमात होऊ लागल्या, तर श्रेणीचा आकडा तोच असूनही प्रगती झालेली असते. गाठ स्वतः तपासणे, सोबत्याची तपासणे, थकवा ओळखून वेळेवर खाली उतरणे आणि सैल दगड हात लावण्याआधी ओळखणे, या गोष्टींना कोणतीही श्रेणी नसते, पण थराथराने रचलेल्या आणि जागोजागी ठिसूळ झालेल्या बेसाल्टवर त्याच जीव वाचवतात. इतरांकडे पाहायचेच, तर आपल्याच उंचीचा आणि जवळपास तेवढ्याच अनुभवाचा माणूस अडलेल्या जागी काय करतो, हे पाहावे. त्याचा क्रमांक पाहण्यापेक्षा त्याचा पाय कोठे आहे हे पाहणे अधिक शिकवते.

या खेळात शेजारच्या माणसाचे स्थान इतर खेळांहून निराळे असते, ही गोष्ट सर्वांत शेवटी आणि सर्वांत आग्रहाने सांगावी लागते. दोरावर चढणाऱ्याला खालून ‘बिले’ देणारा, म्हणजे दोर नियंत्रित करून पडताना त्याला रोखून धरणारा सोबती, हाच बहुधा त्याच्या तुलनेचा विषयही असतो. ज्याच्या हातात आपला दोर आहे तो अधिक निपुण झाला, तर त्यात आपले नुकसान काहीच नाही. उलट आपली सुरक्षितता वाढते, आपण निर्धास्तपणे अधिक कठीण प्रयत्न करू शकतो आणि शिकायला एक गुरू आयताच मिळतो. जेथे कडे जवळ नाहीत आणि ज्येष्ठांची परंपरा अजून घडायची आहे, त्या नागपूर-हिंगण्यासारख्या भागात तर नव्या आरोहकांना एकमेकांवाचून दुसरा आधार नाही. महाविद्यालयांनी आणि साहस-मंडळांनी आपल्या नोंदींत कोण किती चढला याबरोबरच कोणी किती जणांना सुरक्षित बिले दिली आणि किती नवशिक्यांना शिकवले, हेही लिहायला सुरुवात केली, तर या भागात आरोहकांची पिढी तयार होण्यास त्याचा कोणत्याही एका विजेत्यापेक्षा अधिक उपयोग होईल.